विमानातल्या तारेला नाव, रुग्णालयातली तार बेवारस

भंडारा जिल्हा सामान्य रुग्णालयातील नवजात शिशू दक्षता कक्षाला ९ जानेवारी २०२१ रोजी मध्यरात्रीनंतर आग लागली. त्या घटनेला जानेवारी २०२६ मध्ये पाच वर्षे पूर्ण झाली. कक्षात त्या वेळी १७ बाळे होती. सात वाचली, दहा गेली. दहांपैकी तिघांचा मृत्यू भाजल्याने आणि सातांचा धुरात गुदमरून झाल्याचे तत्कालीन आरोग्यमंत्र्यांनी सांगितले होते. विभागीय आयुक्तांच्या अध्यक्षतेखाली चौकशी झाली. आगीचा उगम बाळांना ऊब देणाऱ्या एका वॉर्मरच्या कंट्रोल पॅनलमधील विजेच्या बिघाडात असल्याचे त्या अहवालानंतर समोर आले. काहींवर कारवाई झाली, राज्यभरातील रुग्णालयांच्या अग्निसुरक्षा तपासणीचे आदेश निघाले.

तरीही मालिका थांबली नाही. त्याच वर्षी २३ एप्रिलला विरारच्या एका खासगी रुग्णालयाचा अतिदक्षता विभाग जळाला. ६ नोव्हेंबरला तेव्हाच्या अहमदनगरमधील, म्हणजे आताच्या अहिल्यानगरमधील, जिल्हा रुग्णालयात अतिदक्षता विभागाला आग लागून ११ रुग्ण दगावले. १५ नोव्हेंबर २०२४ च्या रात्री उत्तर प्रदेशात झाशीच्या वैद्यकीय महाविद्यालयात नवजातांच्या कक्षाने पेट घेतला आणि त्याच रात्री दहा बाळे गेली. ऑक्टोबर २०२५ मध्ये जयपूरच्या सवाई मानसिंग रुग्णालयाच्या ट्रॉमा सेंटरमध्ये हाच प्रसंग ओढवला. गावे वेगळी, इमारती वेगळ्या; पण पहिल्या बातमीत बहुतेक वेळा एकच शब्द येतो : शॉर्टसर्किट.

हा शब्द आपल्याकडे कारण म्हणून वापरला जातो. खरे तर तो कारण नव्हे, परिणाम आहे. ताप हे जसे आजाराचे नाव नाही, लक्षण आहे, तसेच हे. तार का तापली, तिचे आवरण कशाने खराब झाले, तिच्यावर किती भार होता, ती कुठून कुठे जात होती आणि ती वेळीच कोणी बंद का करू शकले नाही, हे प्रश्न त्या एका शब्दामागे झाकले जातात. या प्रश्नांची उत्तरे ज्या क्षेत्राने मोठी किंमत मोजून शोधली, ते क्षेत्र म्हणजे विमानवाहतूक. त्यांनी शोधलेल्या उत्तरांपैकी एक वरवर अगदी क्षुल्लक वाटणारे आहे. ते म्हणजे प्रत्येक तारेवर तिची ओळख छापणे, आणि तीही तारेला इजा न करता.

एकवीस मिनिटे

२ सप्टेंबर १९९८ च्या रात्री न्यूयॉर्कहून जिनिव्हाला निघालेले स्विसएअरचे १११ क्रमांकाचे विमान कॅनडाच्या नोव्हा स्कोशिया किनाऱ्याजवळ समुद्रात कोसळले. विमानातील सर्व २२९ जण ठार झाले. कॅनडाच्या वाहतूक सुरक्षा मंडळाने चार वर्षांहून अधिक काळ तपास केला. समुद्रतळातून काढलेले लाखो तुकडे जोडून पाहिले आणि २००३ मध्ये अहवाल दिला. कॉकपिटच्या छतावरील पोकळीत एका तारेतून ठिणगी उडाली असावी आणि तिने जवळच्या उष्णतारोधक आच्छादनाला पेटवले, असा त्याचा निष्कर्ष होता.

या अहवालातील दोन गोष्टी रुग्णालयांशी संबंध असलेल्या प्रत्येकाने वाचाव्यात अशा आहेत. पहिली : वैमानिकांना सुरुवातीला फक्त वेगळा वास आला. तो वातानुकूलन यंत्रणेतून येत असावा असा त्यांचा समज झाला. वास येण्यापासून विमान कोसळण्यापर्यंत अवघी २१ मिनिटे गेली. दुसरी : आगीचा उगम जिथे असावा त्या भागात सापडलेली ठिणगीच्या खुणा असलेली एक तार प्रवाशांच्या करमणुकीच्या यंत्रणेची होती. ही यंत्रणा विमान बनल्यानंतर मागाहून बसवलेली होती. धूर दिसला की प्रवासी कक्षाचा वीजपुरवठा तोडण्यासाठी वैमानिक जे बटण दाबत, त्या बटणाने ही नवी यंत्रणा बंद होत नव्हती. ती दुसरीकडून वीज घेत होती.

त्याआधी दोन वर्षे, १७ जुलै १९९६ रोजी, टीडब्ल्यूए कंपनीच्या ८०० क्रमांकाच्या विमानाचा न्यूयॉर्कजवळ आकाशात स्फोट होऊन २३० जणांचा बळी गेला होता. अमेरिकी तपास यंत्रणेने स्फोट इंधनाच्या मधल्या टाकीत झाल्याचे सिद्ध केले. टाकीबाहेर झालेल्या शॉर्टसर्किटमुळे जास्त दाबाची वीज इंधनाची पातळी मोजणाऱ्या तारांतून आत शिरली असावी, ही शक्यता तिने सर्वाधिक मानली.

या दोन अपघातांनंतर विमानातील तारांकडे बघण्याची दृष्टीच बदलली. तोवर तार ही 'बसवा आणि विसरा' अशी वस्तू होती. इंजिनाची तार इंजिनाची, रडारची तार रडारची. यंत्र तपासले जाई, तार त्याच्या शेपटासारखी मागे राही. २००७ मध्ये अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाने नियम करून तारा, जोड, क्लॅम्प, आवरणे या साऱ्यांना मिळून एक स्वतंत्र यंत्रणा मानले. तिची रचना, तपासणी, साफसफाई आणि ओळख यांचे वेगळे निकष ठरवले. तारांवर साचणारी धूळ आणि कापसासारखी बोंडे काढणेसुद्धा देखभालीच्या वेळापत्रकात आले, कारण ठिणगी पडली की पहिल्यांदा पेटते ती हीच.

नाव लिहितानाच जखम

याच नियमात तारेच्या ओळखीचे कलम आहे. ते मराठीत थोडक्यात असे मांडता येईल : ओळख एकसारख्या पद्धतीने दिलेली असावी, तारेच्या अपेक्षित आयुष्यभर ती वाचता यावी, आणि ओळख देण्याच्या पद्धतीमुळे त्या तारेचे काहीही नुकसान होऊ नये.

शेवटची अट का घालावी लागली, हे समजून घेण्यासारखे आहे. मोठ्या विमानात शेकडो किलोमीटर तार असते. एअरबस ए-३८० मध्ये ती ५०० किलोमीटरच्या पुढे जाते. एकाच जुडग्यात शंभर तारा शेजारी शेजारी धावतात आणि दिसायला त्या सख्ख्या बहिणींसारख्या. म्हणून प्रत्येक तारेवर, दर काही इंचांवर, अक्षर-आकड्यांची खूण असते. ही तार कोणती, कोणत्या यंत्रणेची, हे कारागिराला त्या खुणेवरून नकाशाशी ताडून पाहता येते.

ही खूण उमटवण्याची जुनी पद्धत तापलेल्या ठशाची होती. धातूचे अक्षर तापवायचे आणि रंगाच्या पट्टीवरून तारेच्या आवरणावर दाबायचे. पण विमानातील तारेचे आवरण वजन वाचवण्यासाठी अतिशय पातळ ठेवलेले असते, मिलिमीटरच्या एक-दोन दशांशांइतके. ठसा जरा जास्त तापला किंवा जोरात दाबला गेला की अक्षर आवरणात खोल रुतायचे. कमी दाबला तर काही वर्षांत पुसून जायचे. म्हणजे ज्या तारेला सुरक्षित ठेवण्यासाठी नाव द्यायचे, तिलाच नाव लिहिताना जखम व्हायची. जखम दिसायची नाही. वर्षानुवर्षांच्या थरथराटाने, ओलाव्याने ती उघडी पडायची. शाईने छापण्याचा पर्याय होता, पण तेल, इंधन आणि घर्षण यांपुढे साधी शाई टिकेलच असे नाही.

यावर तोडगा निघाला तो अतिनील लेसरचा. त्यातील विज्ञान सुंदर आहे आणि वैद्यकाच्या वाचकाला अनोळखीही नाही. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर काही महिन्यांनी किंवा वर्षांनी काहींच्या डोळ्यातील कृत्रिम भिंगामागचा पडदा धूसर होतो. नेत्रतज्ज्ञ मग 'याग लेसर' करून घ्या म्हणतात. काही मिनिटांत, कुठेही छेद न देता, धूसर पडद्यात खिडकी उघडली जाते. विमानाच्या तारांवर अक्षरे उमटवणाऱ्या यंत्रांतही बहुधा याच जातीचा स्फटिक असतो. त्यातून निघणारा १०६४ नॅनोमीटर लांबीचा अदृश्य अवरक्त किरण खास स्फटिकांमधून पुढे नेला की त्याची लांबी एक-तृतीयांश, म्हणजे ३५५ नॅनोमीटर होते. हा अतिनील किरण झाला.

तारेच्या पांढऱ्या आवरणात टायटॅनियम डायऑक्साइडची पूड मिसळलेली असते. हाच पांढरा पदार्थ भिंतीच्या रंगात, उन्हापासून बचाव करणाऱ्या मलमात आणि कित्येक गोळ्यांच्या पांढऱ्या वेष्टनातही असतो. अतिनील प्रकाश शोषून घेणे हा त्याचा गुण. म्हणूनच तो त्वचेचे उन्हापासून रक्षण करतो. सेकंदाच्या काही अब्जांश भागाइतका लेसरचा एक ठोका पडला की त्या पुडीच्या कणांची रचना बदलते आणि पांढरा कण गडद करडा होतो. आवरणाचे प्लास्टिक मात्र तो प्रकाश फारसा शोषत नाही आणि इतक्या अल्प वेळात ते तापतही नाही. बदल फक्त वरच्या पातळ थरात होतो. वर शाई नाही, म्हणून पुसले जाण्याचा प्रश्न नाही. दाब नाही, म्हणून खाच नाही. रंग आवरणाच्या आतच बदललेला असतो.

डॉक्टरांच्या भाषेत सांगायचे तर, तपासणीमुळे रुग्णाला अपाय होऊ नये हे तत्त्व इथे तारेला लावले गेले.

भंडाऱ्याहून साठेक किलोमीटरवर

हे सारे दूरदेशीचे वाटत असेल, तर नागपूरकडे पाहावे. भंडाऱ्याहून साठेक किलोमीटरवर मिहानमध्ये बोईंगने उभारलेले आणि एअर इंडियाच्या अभियांत्रिकी कंपनीकडे सोपवलेले विमान देखभाल केंद्र आहे. अशा केंद्रांत विमाने येतात, त्यांचे पत्रे-पडदे उघडले जातात आणि तारांची जुडगी ठरलेल्या यादीनुसार पाहिली जातात. एखादी तार बदलली तर ती कोणती, कोणी बदलली, केव्हा बदलली याची नोंद होते आणि त्या नोंदीखाली सही असते. ती सही असल्याशिवाय विमान उडत नाही.

आता त्याच महामार्गाने पूर्वेला यावे आणि कोणत्याही जिल्हा वा उपजिल्हा रुग्णालयाचा वीजफलक उघडून पाहावा. भंडाऱ्यातच असे नव्हे. तुमसर असो, साकोली असो की राज्यातील दुसरा कोणताही तालुका. फलकाच्या दाराच्या आतल्या बाजूला कोणती एमसीबी कोणत्या खोलीची हे सांगणारा तक्ता असायला हवा. पुष्कळ ठिकाणी तो नसतो, किंवा इमारत बांधली त्या वर्षीचा असतो. मधल्या काळात स्टोअररूमची झालेली असते ड्रेसिंगरूम, व्हरांड्याचा झालेला असतो वॉर्ड. एमसीबीवर पेनाने लिहिलेली 'लाईट', 'एसी', 'वॉर्ड २' अशी अर्धवट पुसलेली अक्षरे सापडतात. कोणती तार कुठे जाते याचे ज्ञान एखाद्या अनुभवी वायरमनच्या डोक्यात असते. तो निवृत्त झाला की नकाशाही त्याच्यासोबत घरी जातो.

याउलट रुग्णालयात माणसाच्या ओळखीची काळजी किती घेतली जाते पाहा. रक्ताच्या पिशवीवर गट, क्रमांक, तारीख. शस्त्रक्रियेआधी उजवा पाय की डावा याची खूण. नवजात कक्षात बाळ आले की त्याच्या इवल्याशा मनगटावर किंवा पायावर आईच्या नावाची पट्टी. बारसे व्हायचे असते, बाळाला स्वतःचे नावही मिळालेले नसते, तरी त्याची ओळख क्षणभरही हरवू दिली जात नाही. त्याच बाळाचा वॉर्मर, फोटोथेरपीचा दिवा, सिरिंज पंप, मॉनिटर ज्या तारेवर चालतात, तिची मात्र कुणाला ओळख नसते.

नवजात कक्षात धोका जास्त का?

यामागे वैद्यकीय आणि भौतिक अशी दोन्ही कारणे आहेत.

एका बाळाभोवती चार-पाच विजेची उपकरणे चालतात आणि ती चोवीस तास, बाराही महिने सुरू असतात. वॉर्मर तर उष्णता देण्यासाठीच बनलेला असतो; तो भरपूर वीज ओढतो. तारेत निर्माण होणारी उष्णता विद्युतप्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. प्रवाह दुप्पट झाला की उष्णता चौपट होते. म्हणून एका सॉकेटवर एक्स्टेन्शन बोर्ड, त्यावर आणखी एक यंत्र, असे होत गेले की तार आपल्या कुवतीपलीकडे तापते. ती लगेच जळत नाही. तिचे आवरण कडक होते, तडकते. सैल झालेल्या स्क्रूपाशी, झिजलेल्या प्लगपाशी बारीक ठिणग्या उडू लागतात. साधी एमसीबी जादा प्रवाह किंवा थेट शॉर्टसर्किट झाल्यावर पडते. अधूनमधून उडणाऱ्या अशा ठिणग्या तिच्या लक्षात येतीलच असे नाही. वीज चालू राहते, यंत्र चालू राहते आणि सगळे ठीक आहे असे वाटते.

त्यात ऑक्सिजन. साध्या हवेत तो २१ टक्के असतो. कक्षात गळती असेल, हवा खेळती नसेल तर हे प्रमाण वाढते. मग कापूस, फोम, प्लास्टिक सहज पेट घेतात आणि नेहमीपेक्षा वेगाने जळतात.

आणि धूर. साध्या पीव्हीसी तारेचे आवरण जळले की हायड्रोजन क्लोराइडसारखा श्वासनलिकेला भाजणारा वायू निघतो. अर्धवट जळणाऱ्या वस्तूंतून कार्बन मोनॉक्साइड निघतो. तो रक्तातील हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. प्रौढ माणूस मिनिटाला बारा ते वीस वेळा श्वास घेतो, नवजात बाळ चाळीस ते साठ वेळा. वजनाच्या मानाने ते कितीतरी जास्त हवा, म्हणजे कितीतरी जास्त धूर, आत घेते. ते उठून पळू शकत नाही, ओरडून कुणाला बोलावू शकत नाही. कित्येक बाळे नळ्या-तारांना जोडलेली असतात. त्यांना उचलायचे तर प्रत्येकासाठी दोन हात हवेत. रात्रपाळीला तेवढे हात नसतात. भंडाऱ्यातील बहुसंख्य मृत्यू ज्वाळेने नव्हे, धुराने झाले, याचा अर्थ इथे लागतो. आग विझवण्याइतकेच, किंबहुना त्याहून जास्त महत्त्व धूर होण्याआधी वीज तोडण्याला आहे.

आणि वीज तोडण्यासाठी कोणता खटका पाडायचा हे माहीत असावे लागते.

खटका कोणता पाडायचा?

रात्री दोनला सिस्टरला जळका वास आला असे समजा. मुख्य स्विच पाडला तर शेजारच्या खोलीतील व्हेंटिलेटर, पंप, दिवे सगळेच बंद होणार. बॅटरीवर काही यंत्रे चालतील, काही नाही. पाडला नाही तर वास कुठून येतो ते कळेपर्यंत तार जळत राहणार. योग्य कृती एकच : त्या खोलीची, त्या ओळीतील सॉकेटची वीज तोडणे आणि बाकीची चालू ठेवणे. हे अंधारात, घाबरलेल्या स्थितीत, तीस सेकंदांत करायचे तर फलकावरच्या खटक्यावर आणि भिंतीवरच्या सॉकेटवर एकच क्रमांक ठळकपणे लिहिलेला हवा. तो नसेल तर कितीही प्रशिक्षण दिले तरी सिस्टरच्या हाती अंदाजच उरतो. स्विसएअरच्या वैमानिकांसमोरच्या बटणाने करमणुकीची यंत्रणा बंद होत नव्हती. मागाहून बसवलेला एसी किंवा नंतर आलेला मॉनिटर कोणत्या फलकावरून वीज घेतो हे ठाऊक नसलेल्या रुग्णालयाची स्थिती त्याहून वेगळी नाही. कोविडकाळात अनेक जुन्या इमारतींत घाईघाईने यंत्रे आणि खाटा वाढल्या. ती वाढ जीव वाचवण्यासाठीच होती. पण त्यासोबत तारांचे नकाशे नव्याने काढले गेले का, हा प्रश्न विचारायला हवा.

अडचण कुणा एकाच्या निष्काळजीपणाची नाही, जबाबदारीच्या वाटणीची आहे. सरकारी रुग्णालयाच्या भिंतीतील वायरिंग सहसा सार्वजनिक बांधकाम विभागाच्या विद्युत शाखेकडे असते. वॉर्मर-मॉनिटरची देखभाल जैववैद्यकीय उपकरणांच्या कंत्राटदाराकडे. आग विझवण्याची साधने परवानाधारक अग्निशमन संस्थेकडे. वीजसुरक्षेची तपासणी विद्युत निरीक्षकांकडे. वॉर्ड सिस्टर इन्चार्जकडे. या सगळ्यांच्या मध्ये, भिंतीतील सॉकेटपासून यंत्रापर्यंतचा जो हातभर टप्पा आहे, जिथे प्लग, एक्स्टेन्शन बोर्ड आणि सैल पिना असतात, तो कुणाच्याच यादीत नाही. विमानवाहतुकीतही पूर्वी हेच होते. तार प्रत्येक यंत्राची होती, म्हणून ती कुणाचीच नव्हती. २००७ च्या नियमाने मूळ बदल केला तो हा की तारेला स्वतःचा धनी मिळाला.

कागद काय सांगतो, काय सांगत नाही

महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ नुसार इमारतीतील अग्निसुरक्षा साधने चालू स्थितीत असल्याचे प्रमाणपत्र, म्हणजे नमुना 'ब', वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैमध्ये द्यावे लागते. हे प्रमाणपत्र आवश्यक आहे, त्याची खिल्ली उडवण्याचे कारण नाही. पण ते मुख्यतः आग लागल्यानंतरच्या साधनांबद्दल बोलते : अग्निशामक भरलेले आहेत का, पंप चालतो का, अलार्म वाजतो का. आग लागू नये म्हणून तारांची स्थिती काय, हा प्रश्न विद्युत तपासणीचा. दोन्ही कागद वेगवेगळ्या फायलींत राहतात आणि 'फायर ऑडिट झाले' या एका वाक्यात दोन्ही झाल्याचा समज होतो.

इथे एक आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. विमान आणि रुग्णालय यांची तुलना कशी करायची? विमान काही दिवस जमिनीवर उभे ठेवता येते, रुग्णालय बंद ठेवता येत नाही. विमानाच्या तिकिटात सुरक्षेचा खर्च असतो, सरकारी रुग्णालयात केसपेपर नाममात्र दरात निघतो. शिवाय इमारतीच्या तारा विमानाच्या तारांपेक्षा जाड आवरणाच्या असतात, त्यांच्यावर लेसरने अक्षरे कोरण्याची गरजच नाही.

हे सारे खरे आहे. रुग्णालयाला लेसर नको आहे. त्यामागची शिस्त हवी आहे, आणि ती स्वस्त आहे. वीजफलकात प्रत्येक तारेच्या टोकाला क्रमांकाची छोटी प्लास्टिकची कडी घालता येते. वायरमन तिला फेरूल म्हणतात, ती कोणत्याही विद्युत साहित्याच्या दुकानात मिळते. लाल-पिवळा-निळा फेजसाठी, काळा न्यूट्रलसाठी, हिरवा अर्थिंगसाठी हा रंगांचा संकेत आपल्याकडे जुनाच आहे; दुरुस्तीच्या वेळी हाताला लागेल त्या रंगाची तार जोडायची नाही, एवढा नियम पाळला तरी पुढच्या माणसाचा धोका टळतो. बंद ठेवण्याचा प्रश्नही सुटतो. नवजात कक्षाची निर्जंतुकीकरणासाठी आळीपाळीने साफसफाई होतेच. त्याच वेळी एकेका खोलीतील सॉकेट उघडून स्क्रू आवळता येतात, भार मोजता येतो, तक्ता दुरुस्त करता येतो.

काय मागायचे, कोणी पाहायचे?

जिल्हा नियोजन समितीतून दरवर्षी रुग्णालयांना यंत्रे मिळतात. त्यांच्या लोकार्पणाची छायाचित्रे छापून येतात. यापुढे प्रत्येक नव्या यंत्राच्या फायलीत आणखी एक पान असावे : हे यंत्र किती वीज घेते, ते कोणत्या क्रमांकाच्या सॉकेटवर आणि कोणत्या एमसीबीवर लावले, त्या तारेवर आधी किती भार होता. हे पान भरल्याशिवाय यंत्र सुरू करू नये. नव्या इमारतीचा ताबा घेताना मंजूर नकाशा नव्हे, तर प्रत्यक्षात टाकलेल्या तारांचा नकाशा मागून घ्यावा. जुन्या इमारतीत सुरुवात नवजात कक्ष, अतिदक्षता विभाग आणि शस्त्रक्रियागृहापासून करावी. जिथे तारा बदलायच्याच आहेत, तिथे कमी धूर करणाऱ्या, ज्वालारोधक आवरणाच्या तारा निविदेतच नमूद कराव्यात.

सॉकेटपासून यंत्रापर्यंतच्या त्या बेवारस टप्प्याला एक नाव हवे. माणसाचे नाव. प्रत्येक पाळीत एका व्यक्तीने प्लगांना हात लावून पाहायचे : गरम आहे का, पिवळा-तपकिरी झाला आहे का, सैल आहे का. एक्स्टेन्शनवर एक्स्टेन्शन दिसले तर नोंद करायची. यंत्रांच्या मागे साचलेला कापूस, कागद, धूळ काढायची. विमानतळावरच्या कारागिरांसाठी ते जसे देखभालीचे काम आहे, तसेच ते इथेही मानायचे. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे जळका वास आला असे सांगणाऱ्या सिस्टरला, कक्षसेविकेला किंवा आयाला 'एसीचा असेल' असे उत्तर मिळता कामा नये. तो खटका पाडण्याचा अधिकार तिला लेखी असावा आणि पाडल्याबद्दल तिला कारणे दाखवा नोटीस येणार नाही, याची हमीही.

नातेवाइकांनाही काही करता येते. वॉर्डात खाटेजवळ स्वतःचा मोबाइल, पंखा, शेगडी यंत्राच्या सॉकेटवर लावू नये. प्लगमधून ठिणगी दिसली, प्लास्टिक जळाल्यासारखा वास आला तर लगेच सांगावे आणि सांगितल्याची वेळ लक्षात ठेवावी. रुग्ण कल्याण समितीच्या सदस्यांनी पुढच्या बैठकीआधी एकदा वीजफलकाचे दार उघडायला सांगावे. आत तक्ता आहे का, त्यावरची तारीख कोणती, आणि त्यातला कोणताही एक खटका दाखवून 'हा कुठला?' असे विचारले तर तिथे उभ्या असलेल्या कर्मचाऱ्याला उत्तर येते का, एवढे पाहिले तरी पुरे. यासाठी अभियंता असावे लागत नाही.

विमानाच्या तारांचे नियम कडक झाले ते अपघातांच्या अहवालांतील प्रत्येक निष्कर्षाला कुठल्या तरी कामाच्या यादीत जागा मिळाली म्हणून. भंडाऱ्याच्या अहवालानंतर शिक्षा कोणाला झाली, याची चर्चा खूप झाली. वॉर्मरच्या पॅनलपासून मागे, भिंतीतून, फलकापर्यंत जाणाऱ्या तारेची जबाबदारी आज कोणाकडे आहे, याची चर्चा पुरेशी झालेली नाही. नमुना 'ब' वर सही करताना प्रत्येक रुग्णालयाने त्याला वीजफलकाचा ताजा तक्ता जोडावा, आणि त्या तक्त्याची एक प्रत नवजात कक्षात रात्रपाळीच्या सिस्टरच्या टेबलासमोर, डोळ्यांच्या उंचीवर लावावी. यासाठी नवा कायदा लागत नाही आणि नवा निधीही नाही.